कॅलिफोर्नियात ऑफिसातला छळ आणि घर देताना होणारा भेदभाव: मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मी वकील नाही, हे आधीच सांगते. बे एरियात बरीच वर्षं झाली, दोन-तीन प्रकरणांत ओळखीच्यांबरोबर बसून फॉर्म भरले, तेव्हापासून "ताई एक विचारायचं होतं" असे मेसेज येत राहतात आणि फिरून फिरून तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलं. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, फक्त नावं-गावं काढलीत. एक गंमत म्हणजे निम्मे प्रश्न "माझ्यावर अन्याय झाला" असे असतात आणि उरलेले निम्मे "आम्ही असं केलं तर चालेल का" असे. दोन्हीची उत्तरं एकाच कायद्यात आहेत.

१. हा फीहा फीहा म्हणतात तो नक्की काय प्रकार आहे?

कॅलिफोर्नियाचा फेअर एम्प्लॉयमेंट अँड हाउसिंग ॲक्ट. नोकरी आणि घर दोन्ही एकाच कायद्यात. नोकरीचा भाग १९५९ चा, घराचा रम्फर्ड ॲक्ट १९६३ चा, आणि तो आल्यावर लगेच १९६४ मध्ये लोकांनी मतदान करून, प्रपोझिशन १४ म्हणतात ते, जवळजवळ उडवूनच लावला होता, म्हणजे "माझं घर मी कोणाला द्यायचं ते मी ठरवणार" हे तेव्हा बहुमताचं म्हणणं होतं. पुढे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते प्रपोझिशन रद्द केलं आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. १९८० मध्ये नोकरी आणि घर एकत्र करून आजचा फीहा झाला. तक्रार घेतं ते खातं म्हणजे सिव्हिल राइट्स डिपार्टमेंट, सगळे सीआरडी म्हणतात. २०२२ च्या मध्यापर्यंत त्याचं नाव डीएफईएच होतं, त्यामुळे जुन्या कागदावर ते दिसलं तर गोंधळू नका, खातं तेच.

२. फेडरल कायदा आहे की, मग स्टेटचा वेगळा कशाला बघायचा?

कारण स्टेटचा बहुतेक बाबतीत जास्त कडक आहे. फेडरल टायटल सेव्हन, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाचा देशभराचा कायदा, किमान १५ कर्मचारी असलेल्या कंपनीला लागतो, फीहा ५ ला, आणि छळाच्या बाबतीत तर एकालाही (प्रश्न ३). टायटल सेव्हनमध्ये मनस्तापाची भरपाई आणि दंड मिळून कमाल ३ लाख डॉलर, तेही कंपनी मोठी असेल तर, फीहामध्ये तशी मर्यादाच नाही. शिवाय लग्न झालंय की नाही, केस कसे ठेवता असल्या गोष्टीही इथे धरल्यात. म्हणून इथले वकील सहसा आधी फीहाच काढतात.

३. आमचं स्टार्टअप आहे, सनीवेलमध्ये तीनच माणसं, बाकी टीम पुण्यात. आम्हाला लागू होतो का?

भेदभावाच्या भागासाठी ५ कर्मचारी लागतात, पण मोजताना राज्याबाहेरचे लोकही धरतात, त्यामुळे पुण्यातली टीम धरून ५ झाले की झालात आत. मोजले जाणं आणि संरक्षण मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हं, पुण्यात बसून काम करणाऱ्याला साधारणपणे फीहाखाली तक्रार करता येत नाही, जे झालं त्याचा धागा कॅलिफोर्नियात असल्याशिवाय. छळासाठी मात्र आकडा बघतच नाहीत, एक कर्मचारी असला तरी पुरे, आणि त्यात इंटर्न, व्हॉलंटियर, कॉन्ट्रॅक्टवरचे, नुसते इंटरव्ह्यूला आलेले, सगळे येतात.

आणि पाच किंवा जास्त माणसं असतील तर ट्रेनिंग सक्तीचं आहे, सुपरवायझरला दोन तास, बाकीच्यांना एक तास, दर दोन वर्षांनी. व्हिडिओ चालू ठेवून शेजारच्या टॅबमध्ये क्रिकेट बघतात लोक, माहीत आहे मला.

४. माझा मॅनेजर अतिशय खडूस आहे, सगळ्यांसमोर पाणउतारा करतो. हा हरासमेंट झाला ना?

वाईट वाटेल, पण नुसता खडूसपणा फीहात बसत नाही. जो सगळ्यांनाच झापतो तो वाईट मॅनेजर आहे, कायदा मोडणारा असेलच असं नाही. तुमच्या कायद्याने जपलेल्या एखाद्या गोष्टीमुळे हे होतंय का, हे बघायचं: वंश, रंग, धर्म, पूर्वज, मूळ देश, लिंग, लैंगिक ओळख, गरोदरपण, लग्न, अपंगत्व, आजारपण, चाळिशीपुढचं वय वगैरे. तोच मॅनेजर बाकीच्यांना "हा कोड चुकलाय" म्हणतो आणि तुम्हाला "तुम्हा इंडियन लोकांना एवढंही जमत नाही" म्हणतो, तिथे गोष्ट बदलली.

दुसरं म्हणजे ते गंभीर तरी हवं नाहीतर सतत तरी हवं, इतकं की कामाची जागा नकोशी व्हावी. तुमचं काम प्रत्यक्ष घसरलं हे दाखवायची गरज नाही. बऱ्याच जणी म्हणतात, "पण माझं रेटिंग तर चांगलं आलं, मग केस कशी होणार?" होऊ शकते. दात-ओठ खाऊन काम केलं म्हणून छळ झालाच नाही असं होत नाही.

५. एकदाच झालं, तर सोडून द्यावं लागतं का?

नाही. २०१९ पासून कायद्यात स्पष्ट लिहिलंय की एक प्रसंगसुद्धा पुरेसा गंभीर असू शकतो. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने बेली खटल्यात सांगितलं की सहकाऱ्याने एकदाच उच्चारलेला वांशिक शिवीचा शब्दही, परिस्थिती बघून, पुरेसा ठरू शकतो. प्रत्येक टोमण्याची केस होईल असा अर्थ काढू नका, पण एचआर "अहो एकदाच तर म्हणाला" म्हणून हात झटकत असेल तर ते बरोबर नाही.

६. भारतात पॉश आहे तसंच ना हे? मी पुरुष आहे, मला तक्रार करता येईल का?

येईल. भारतातला २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांच्या तक्रारीसाठी आणि फक्त लैंगिक छळासाठी आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती, तक्रारीला तीन महिने, फार तर आणखी तीन. इथे पुरुष, स्त्री, कोणीही, आणि छळ लैंगिकच असायला हवा असंही नाही, धर्मावरून, वयावरून, मूळ देशावरूनही चालतो. समिती वगैरे भानगड नाही, एचआरकडे जा किंवा थेट सीआरडीकडे. पुण्याच्या ऑफिसात काम करत असाल आणि मॅनेजर सॅन होजेचा असेल तर आधी तुमच्या पुण्याच्या समितीची मुदत सांभाळा, ती फार छोटी आहे.

७. एचआरला सांगितलं, त्यांनी "आम्ही बघतो" म्हणून सोडून दिलं. आता जबाबदार कोण?

छळ करणारा सुपरवायझर असेल तर कंपनी जबाबदारच, "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणून सुटका नाही. सहकारी असेल तर कंपनीला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं आणि तरी तिने ताबडतोब योग्य ते केलं नाही, हे दाखवावं लागतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, एचआरशी फोनवर बोललात ना, मग त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाका, "आज दुपारी तीनला आपण अमुक विषयावर बोललो, तुम्ही तपास करतो म्हणालात." तो ईमेल म्हणजे कंपनीला माहीत होतं याचा पुरावा. बाहेरचा क्लायंट किंवा व्हेंडर त्रास देत असेल तरी हाच नियम.

आणि छळ करणाऱ्या व्यक्तीवर स्वतःवरही दावा होऊ शकतो, तिच्या खिशातून. भेदभावात, म्हणजे प्रमोशन नाकारलं, काढून टाकलं वगैरे, तसं होत नाही, तिथे फक्त कंपनी.

८. आम्ही दोघी लंचला मराठीत बोलतो. लीड म्हणाला ऑफिसात ओन्ली इंग्लिश. ऐकायचं का?

लंचला, ब्रेकमध्ये, कॉफी मशीनपाशी बोलताना ऐकायची गरज नाही. कामाचा वेळ नसताना इंग्लिशचीच सक्ती कॅलिफोर्नियात चालत नाही. कामाच्या वेळेतसुद्धा "इंग्लिशच" असा नियम करायला खरीखुरी धंद्याची गरज लागते, म्हणजे सुरक्षितता वगैरे, आणि तो नियम कधी लागू, मोडला तर काय, हे आधी कळवायला लागतं. "बाकीच्यांना वाटतं तुम्ही त्यांच्याबद्दल बोलता" ही काही गरज नाही.

पण आता उलटी बाजू. तिघं मराठी आणि एक व्हिएतनामी असलेल्या मीटिंगमध्ये तिघांनी मराठीत निर्णय घ्यायचे आणि चौथ्याला शेवटी "वी विल गो विथ ऑप्शन टू" एवढंच सांगायचं, हे तुम्ही पाहिलंय, मीही पाहिलंय. रोज होत असेल आणि त्यातून त्याला कामं मिळत नसतील तर तक्रार त्याची होईल, आणि ती तुमच्याविरुद्ध असेल.

९. ॲक्सेंटमुळे क्लायंट कॉलवरून काढलं. काही करता येतं?

ॲक्सेंट हा मूळ देशाचाच भाग धरतात. तुमच्या बोलण्यामुळे ते काम करणंच खरोखर अवघड होत असेल तरच कंपनीला तसं करता येतं. क्लायंटला "आवडत नाही" हे कारण चालत नाही. आत्तापर्यंतच्या कॉल्सवर क्लायंटने काय काय लिहून पाठवलंय ते जपून ठेवा, "थँक्स, दॅट वॉज व्हेरी क्लिअर" असल्या एका ओळीचाही उपयोग होतो.

१०. जातीवरून त्रास झाला तर? इथल्या कायद्यात जात आहे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणाराही.

"कास्ट" हा शब्द फीहात लिहिलेला नाही. तो घालण्यासाठी २०२३ मध्ये सिनेटर आयेशा वहाब यांनी एसबी ४०३ हे विधेयक आणलं, दोन्ही सभागृहांत पास झालं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केलं. लोक इथेच चूक करतात, "व्हेटो झालं म्हणजे इथे जातिभेद चालतो" असं धरून बसतात. व्हेटोचं कारणच असं दिलं होतं की आत्ताच्या कायद्यात जे आहे त्याखाली जातीवरून केलेला भेदभाव आधीच बेकायदा आहे. पूर्वज, धर्म, वंश, मूळ देश या रकान्यांखाली ती तक्रार करतात.

सीआरडीने स्वतः २०२० मध्ये सिस्कोवर दावा लावला, आरोप असा की सॅन होजेतल्या एका दलित इंजिनिअरला त्याच्या दोन भारतीय वरिष्ठांनी जातीमुळे डावललं. कंपनीने आरोप नाकारले. एप्रिल २०२३ मध्ये सीआरडीने त्या दोन व्यक्तींवरचा दावा मागे घेतला, कंपनीवरचा तेव्हा मागे घेतला नाही. शहरांपुरतं म्हणाल तर सिॲटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जात हा शब्द कायद्यात घातला, त्यानंतर त्याच वर्षी इथल्या फ्रेझ्नोने. कॅल स्टेट युनिव्हर्सिटीने त्याआधीच, २०२२ मध्ये, आपल्या धोरणात घातलाय.

आता आपल्या लोकांची सवय. नवीन माणूस टीममध्ये आला की दुसरंच वाक्य, "आडनाव काय? मूळचे कुठले? म्हणजे त्या बाजूचे का?" विचारणाऱ्याला वाटतं ओळख वाढवतोय, पण ज्याला विचारलं त्याला बरोबर कळतं काय चाचपलं जातंय. नुसतं विचारणं बेकायदा नाही. पण त्यानंतर लंचचं बोलावणं बंद झालं, मग कामं बदलली, मग रेटिंग पडलं, तर तो पहिला प्रश्न कोणी, कुठे, कोणासमोर विचारला होता याची तारीख फार महत्त्वाची ठरते. लिहून ठेवा. आणि विचारणारे तुम्ही असाल तर नका विचारू.

११. मी एच-१बीवर आहे. तक्रार केली तर व्हिसाचं काय?

सरळ उत्तर दोन भागांत. कायदा: तुमचं इमिग्रेशन स्टेटस काहीही असलं तरी राज्याचा सिव्हिल राइट्स कायदा तुम्हाला लागू आहे, आणि तक्रार केली म्हणून काढणं, डिमोट करणं किंवा "तुझं स्टेटस कळवतो" अशी धमकी देणं हेच वेगळं बेकायदा कृत्य आहे, मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी. तक्रार प्रामाणिकपणे केलेली असली म्हणजे झालं.

व्यवहार: नोकरी गेलीच तर तुमच्याकडे कमाल ६० दिवस असतात, आय-९४ ची (देशात राहण्याच्या परवानगीची) तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढेच, आणि सीआरडी काही ६० दिवसांत निकाल देत नाही. म्हणून तक्रार करण्याआधी, घाबरून नाही तर शहाणपणाने, एकदा इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, पेस्लिप, आय-७९७ (एच-१बी मंजुरीची नोटीस), रिव्ह्यू घरच्या फोल्डरमध्ये आणून ठेवा. कंपनीचा गोपनीय कोड किंवा क्लायंटचे कागद मात्र स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, तेवढ्यावरून कंपनी तुम्हालाच कोंडीत पकडेल. मुदत तीन वर्षांची आहे (प्रश्न १३), त्यामुळे ट्रान्सफर झाल्यावरही तक्रार करता येते आणि बरेच जण तसंच करतात.

१२. बॉस एकटं गाठून बोलतो. फोनवर रेकॉर्डिंग करून ठेवू का?

नको!! कॅलिफोर्नियात खासगी संभाषण समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, सगळ्यांची संमती लागते. भारतातून आलेल्यांना हे खरंच वाटत नाही. पुराव्यासाठी म्हणून केलं आणि आपणच आरोपी झालो असं नको.

त्याऐवजी डायरी. त्याच दिवशी, तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, आसपास कोण होतं. "खूप वाईट बोलला" असं नाही, शब्द लिहा, शिवी असेल तर शिवी लिहा. स्लॅक, टेक्स्ट, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट चालतात, ते त्याने स्वतःच लिहून दिलेलं असतं.

१३. किती दिवसांत तक्रार करायची? मी दीड वर्ष गप्प बसले.

दीड वर्ष म्हणजे अजून वेळ आहे. नोकरीच्या बाबतीत सीआरडीकडे तीन वर्षं, २०२० पासून. ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल खात्याकडे, मात्र ३०० दिवसच, ती गेली असेल तुमची. सीआरडीकडून राइट-टू-सू नोटीस, म्हणजे दावा लावायची मोकळीक, मिळाली की कोर्टात जायला एक वर्ष. ही नोटीस ऑनलाइन लगेच मागून घेता येते, पण ती घेतली की सीआरडी तपास करत नाही, म्हणून वकील हाताशी नसताना केवळ घाईने ते बटण दाबू नका. मी एकाला दाबताना पाहिलंय, मग वर्ष संपत आल्यावर वकील शोधत फिरत होता.

घराच्या बाबतीत मुदत वेगळी आणि छोटी आहे: सीआरडीकडे एक वर्ष, कोर्टात थेट जायचं तर दोन वर्षं, आणि तिथे राइट-टू-सूची गरज नाही. त्रास अनेक महिने चालू राहिलेला असेल तर कधीकधी आधीचे प्रसंगही जोडून धरतात, पण त्या भरवशावर राहू नका.

१४. वकिलाला पैसे कुठून आणू? आणि ऑफर लेटरमध्ये आर्बिट्रेशनवर सही केलीय.

सीआरडीकडे तक्रार फुकट, दुभाषाही देतात. बरेच एम्प्लॉयमेंट वकील आधी पैसे घेत नाहीत, जिंकलं तर त्यातला हिस्सा घेतात. जिंकलात तर तुमच्या वकिलाची फी समोरच्याने द्यायची असा आदेश मिळू शकतो, आणि हरलात तर त्यांच्या वकिलाची फी तुमच्यावर पडत नाही, दावा अगदीच निराधार असल्याशिवाय.

लैंगिक छळ असेल तर मार्च २०२२ च्या फेडरल कायद्याने आर्बिट्रेशनची, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे नेण्याची, सही तुमच्यावर बंधनकारक राहत नाही, कोर्टात जाता येतं. इतर भेदभावात मात्र ती सही आडवी येऊ शकते, वकिलाला आधी तो कागद दाखवा.

१५. आता घराचं. "बॅचलर नको" असं इथे म्हणतात का?

पुण्या-मुंबईत सर्रास ऐकलंय ना आपण, "फॅमिलीच पाहिजे." इथे ते उघड बेकायदा आहे, लग्न झालंय की नाही हा घर देण्याचा निकष असूच शकत नाही. नोकरीच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी इथेही आहेत, आणि त्यात आणखी: मुलं असणं, उत्पन्नाचा स्रोत, म्हणजे सेक्शन ८ व्हाउचर (भाड्यासाठीची सरकारी मदत) सुद्धा, आणि राज्याच्याच दुसऱ्या, उनरू सिव्हिल राइट्स ॲक्टमधून आलेली भाषा, नागरिकत्व, इमिग्रेशन स्टेटस.

तोंडावर कोणी म्हणत नाही, हेच अवघड आहे. मी पहिल्यांदा घर शोधत होते तेव्हा एका ठिकाणी फोनवर "हो, आहे, या" म्हणाले, अर्ध्या तासात पोहोचले तर मॅनेजर बाईने मला दारातच बघून सांगितलं, आत्ताच गेलं. संध्याकाळी मैत्रिणीच्या गोऱ्या नवऱ्याने फोन केला, तर अपार्टमेंट रिकामं! तेव्हा मला माहीत नव्हतं की यालाच टेस्टिंग म्हणतात आणि फेअर हाउसिंगच्या संस्था पुरावा म्हणून नेमकं हेच करतात, तारखेनिशी. मी मूग गिळून दुसरं घर शोधलं.

१६. मालक म्हणतो तुमच्या जेवणाचा वास येतो, लीज रिन्यू करणार नाही.

फोडणीचा वास कायद्याच्या यादीत नाही, पण वासावरून माणसं निवडणं हे बहुतेक वेळा मूळ देशावरूनच निवडणं असतं. बघायचं हे की वासाचा नियम सगळ्यांना आहे का. शेजारी रोज बार्बेक्यू लावतो त्याला काही नाही आणि तुम्हाला मात्र "करी" म्हणून नोटीस, तर तक्रारीत दम आहे. जाहिरातीतच "नो करी" लिहिलं असेल तर स्क्रीनशॉट घ्या, तो जवळजवळ कबुलीजबाब आहे. चिमणीचा पंखा चालत नाही म्हणून भिंती तेलकट झाल्या, डिपॉझिटमधून कापले, हा मात्र वेगळा, साधा भाडेकरू-मालक वाद.

१७. दाराला तोरण लावलं तर एचओएने (वसाहतीच्या घरमालकांच्या संघटनेने) पत्र पाठवलं. काढावं लागेल?

धार्मिक श्रद्धेने लावलेलं असेल तर साधारणपणे नाही. १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियात मालक किंवा एचओए प्रवेशदारावर किंवा चौकटीवर धार्मिक वस्तू लावायला बंदी करू शकत नाही. मापाची मर्यादा आहे: सगळं मिळून ३६ बाय १२ इंचांच्या आत बसायला हवं. त्याने दार उघडझाप अडता कामा नये. नेहमीचं दाराच्या रुंदीचं, आंब्याच्या पानांचं तोरण पानं फार लोंबत नसतील तर बसतं, मी टेप घेऊन मोजलंय, नऊ इंच लोंबत होतं. दिवाळीत पायऱ्यांवर रांगोळी, पणत्या, कंदील हे दाराबाहेर आलं, त्याला हा नियम लागत नाही, तिथे एचओएशी गोडीत बोला.

१८. मालक व्हिसा, एसएसएन, क्रेडिट हिस्ट्री सगळं मागतोय. क्रेडिट नाहीच तर?

तुमचं इमिग्रेशन स्टेटस काय हे मालकाने विचारणं बेकायदा आहे. ओळख पटवायला किंवा भाडं परवडतं का हे बघायला कागद मागू शकतो. क्रेडिट नाही म्हणून नकार देणं भेदभाव नाही, जर तो सगळ्यांना तोच निकष लावत असेल. "इंडियन्सकडून मी सहा महिन्यांचं आगाऊ घेतो" म्हणाला तर मात्र झालाच.

१९. दोन मुलं आहेत म्हणून वरच्या मजल्यावरचं दिलं नाही. आणि आई-बाबा सहा महिने येणार आहेत, तेही अडचण का?

१८ च्या खालची मुलं आहेत म्हणून नाकारणं, किंवा "बाल्कनी धोक्याची आहे, मुलांसाठीच सांगतोय" म्हणत खालच्याच मजल्यावर ढकलणं, दोन्ही बेकायदा. काळजी तुम्ही करायची, मालकाने नाही. अपवाद ज्येष्ठांसाठीच्या ५५ किंवा ६२ वर्षांपुढच्या वसाहतींचा.

आई-बाबांना हे मुलांचं संरक्षण नाही. तिथे लीजमधलं पाहुण्यांचं कलम आणि माणसांची संख्या बघतात. इथला वापरातला ठोकताळा म्हणजे बेडरूममागे दोन आणि वर एक, टू-बेडरूमला पाच.

२०. एजंटला विचारलं "इंडियन कुठे जास्त राहतात", तो उत्तरच देत नाही. शिष्ट आहे का?

नाही हो, शहाणा आहे. वंशावरून गिऱ्हाइकाला एका भागाकडे वळवणं किंवा दुसरीकडून हटवणं याला स्टिअरिंग म्हणतात आणि त्याने त्याचं लायसन्स जाऊ शकतं. न विचारता जो "तुम्हाला तिकडे बरं वाटेल, तुमचे लोक आहेत" म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा.

२१. घर घेताना जुन्या कागदात "फक्त गोऱ्यांना विकावे" अशी अट दिसली. हे अजून लागू आहे?

नाही, पण दचकायला होतं खरं. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अटी कोणतंही कोर्ट अमलात आणणार नाही, मात्र कागदांतून त्या पुसल्या गेल्या नाहीत. चाळीसच्या दशकात वसलेल्या भागांत सर्रास सापडतात, बऱ्याचदा घरकाम करणाऱ्या नोकरांना राहायची परवानगी असते, मालकीची नाही. कॅलिफोर्नियात काउंटी रेकॉर्डरकडे रिस्ट्रिक्टिव्ह कव्हेनंट मॉडिफिकेशनचा फॉर्म भरून ती अट खोडून नवीन प्रत नोंदवता येते, आणि २०२१ च्या कायद्यानंतर काउंट्या आपणहूनही जुने कागद तपासतायत.

२२. आम्ही आमचं टाउनहाउस भाड्याने देतोय. ग्रुपवर "मराठी फॅमिली प्रेफर्ड" टाकलं तर?

नका टाकू. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे घरचा मामला असं वाटतं, पण कायद्यात "कोणतीही सूचना किंवा विधान" आहे, त्यात फॉरवर्डसुद्धा आलं. "मराठी" म्हणजे भाषा आणि पूर्वज, "फॅमिली" म्हणजे लग्न, तीन शब्दांत दोन-तीन उल्लंघनं! घराबद्दल लिहा, माणसाबद्दल नको: टू-बेड, गराज, अमुक भाडं, अमुक तारखेपासून. ग्रुपवर मराठीच लोक आहेत म्हणून मराठीच लोक आले, तर पहिल्याला ते द्या, पण कोणी पंजाबी किंवा मेक्सिकन मित्राला पाठवलं तर त्यालाही दाखवायचं, त्याच निकषावर.

२३. "ओन्ली व्हेज" तरी चालेल ना? किचन आमचं नवीन आहे.

शाकाहार हा कायद्यातला जपलेला गट नाही, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर थेट बंदी नाही. पण तो चाळणी म्हणून वापरला, म्हणजे मुसलमान, ख्रिश्चन, किंवा अमुक जातीचे आपोआप गळावेत म्हणून, तर ते धर्मावरून किंवा पूर्वजांवरून झालं. आणि घरांच्या बाबतीत हेतू नसला तरी परिणाम तसा होत असेल तरी उत्तर द्यावं लागू शकतं. किचन जपायचं असेल तर लीजमध्ये साफसफाईची अट घाला, सगळ्यांना सारखी.

२४. घरातली एकच खोली देतोय, आम्हीही तिथेच राहतो. तरी सगळे नियम?

इथे खरी सूट आहे, आणि लोक ती ताणतात. स्वतः राहत असलेल्या सिंगल-फॅमिली घरातली जागा एकाच, फक्त एकाच, व्यक्तीला दिली तर फीहाखाली निवडीचं स्वातंत्र्य आहे. दुसरा ठेवला की संपलं. आणि सूट निवडीला आहे, जाहिरातीला नाही, प्रश्न २२ इथेही लागू. एक अपवाद: राहायची जागा सामाईक असेल तर "फक्त मुली" किंवा "फक्त मुलगे" लिहिता येतं. बॅकयार्डमधलं एडीयू म्हणजे स्वतंत्र युनिट, त्याला ही सूट नाही. फेडरल कायद्यात मालक राहत असलेल्या चार युनिटपर्यंतच्या इमारतीला सूट आहे, ते वाचून डुप्लेक्सवाले खूश होतात, कॅलिफोर्निया ती देत नाही.

भाडेकरूच एकमेकांत रूममेट शोधत असतील तर गोष्ट वेगळी, २०१२ मध्ये नाइन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने रूममेट डॉट कॉम खटल्यात सांगितलं की आपल्या घरात कोणासोबत राहायचं ही निवड या कायद्यांच्या कक्षेत येत नाही.

२५. मंदिरात सेवा करताना त्रास झाला. मंदिरावर तक्रार होते का?

नफ्यासाठी न चालणाऱ्या धार्मिक संस्था फीहाच्या "एम्प्लॉयर"मध्ये बहुतेक येत नाहीत, त्यामुळे सीआरडीचं दार तिथे सहसा बंद. पगारी कर्मचारी असाल आणि संस्थेत १५ किंवा जास्त माणसं असतील तर टायटल सेव्हनचा रस्ता उरतो, पुजाऱ्यासारख्या धार्मिक कामाला तोही बहुधा नाही. महाराष्ट्र मंडळासारखी संस्था धार्मिक नसते, तिथे ही सूट नाही, पण मंडळाचा एकही पगारी माणूस नसेल तर तिला "एम्प्लॉयर" म्हणायचं का इथेच घोडं अडतं. अंगाला हात लावण्यापर्यंत गेलं असेल तर कायद्याचा कीस काढत बसू नका, पोलिसांकडे जा.

२६. आमच्याकडे फक्त नॅनी येते, आम्ही काही कंपनी नाही. आम्हाला हे लागू नसेल?

भेदभावाचा भाग नाही, कारण पाच माणसं नाहीत. छळाचा भाग आहे, प्रश्न ३ मध्ये म्हटलं तसं, एक माणूस पुरे. एका बाईंनी अगदी अवघडून विचारलं होतं, भारतातून आलेले नात्यातले काका हॉलमध्ये बसून नॅनीच्या रंगावरून, देशावरून मोठमोठ्याने बोलतात, तिला हिंदी-मराठी कळत नाही असं समजून, आणि शेवटी ती एकदा म्हणाली की "दॅट वन वर्ड आय नो." काका तुमचे नोकर नाहीत, पण तुम्हाला माहीत असून तुम्ही थांबवलं नाही तर जबाबदारी तुमची. त्यांनी काकांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, नॅनी अजून येते एवढं कळलं.